ओव्हरटेक करताना स्पीडचं चलन आलं, मग ट्रेलरच्या मागेच रेंगाळत बसायचं का?

वाटेवरचा_वड

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मला स्पीडचं चलन आलंय. कारला मर्यादा १०० ची, कॅमेऱ्याने टिपला ११४, दंड दोन हजार. वेग चुकीचा मोजला असं माझं म्हणणं नाही, मीटरवर मला ११७-१८ दिसत होतेच. माझं म्हणणं एवढंच की तो वेग ओव्हरटेक करताना काही सेकंदांपुरता घेतला होता आणि घेतला नसता तर धोका जास्त होता.

खालापूर टोलनाका सोडून पनवेलच्या दिशेने चाललो होतो, सपाट रस्ता. डाव्या लेनमधे टँकर, मधल्या लेनमधे ट्रेलर, त्याच्यावर स्टीलच्या कॉइल साखळ्यांनी बांधलेल्या, दोघंही ऐंशीच्या आसपास. मी उजव्या लेनमधे येऊन ट्रेलरच्या मधोमध पोचलो आणि तो हळूहळू माझ्याकडे सरकायला लागला, इंडिकेटर नाही काही नाही, बहुतेक टँकरपासून अंतर ठेवत असावा. मागे एक एसयूव्ही डिपरवर डिपर मारत चिकटलेली. ब्रेक मारला तर ती मागून घुसणार, आहे त्या वेगात राहिलो तर ट्रेलर आणि दुभाजक यांच्यामधे मी. म्हणून गिअर खाली टाकला, रेस दिली आणि बाहेर पडलो. लगेच मधल्या लेनमधे येऊन परत ९५ वर. चलनाच्या फोटोत ट्रेलरची केबिन कोपऱ्यात दिसतेसुद्धा.

तर प्रश्न असे की ओव्हरटेक करताना वेगमर्यादेत काही सूट असते का? या फोटोच्या आधारावर तक्रार केली तर चलन रद्द होतं का? आणि तिसरा प्रश्न सगळ्यांनाच, अशा वेळी तुम्ही काय करता? पैसे दोन हजारच आहेत, पण उद्या परत तीच वेळ आली तर काय करायचं हे मला खरंच समजून घ्यायचंय.


माळरान

सूट नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा, ओव्हरटेक करताना पण तीच. भरून टाका.


अबोली

सूट नाही हे बरोबर, पण जरा सविस्तर लिहिते कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत. मी वकील आहे, मोटार अपघातांच्या केसेस बघते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ सांगतं की ठरवून दिलेल्या कमाल वेगाच्या वर गाडी चालवायची नाही, आणि कलम १८३ मधे त्याचा दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम-जड वाहनाला दोन ते चार हजार. या दोन्ही कलमांत ओव्हरटेकचा अपवाद कुठेही नाही. उलट ओव्हरटेकचा उल्लेख येतो तो कलम १८४ मधे, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमधे, नियम सोडून ओव्हरटेक केला तर ते त्यात मोजलं जातं. त्यामुळे "मी ओव्हरटेक करत होतो" हे वाक्य तक्रारीत जपून लिहा.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम २०२१ मधे आला, कॅमेऱ्याने पाठवायची चलनं त्याच्यावर चालतात. त्यानुसार उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं, इथे कॅमेरा आहे असे सूचनाफलक लावावे लागतात, आणि घटनेपासून १५ दिवसांच्या आत तुम्हाला नोटीस मिळायला हवी, मेसेजने आली तरी चालते. चलनात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि कुठल्या कलमाखाली ते सगळं हवं. हे तपासा. यातलं काही नसेल तर तुमचा मुद्दा कागदावर टिकतो. "ट्रेलर अंगावर येत होता" हा मुद्दा टिकायला व्हिडिओ लागेल. एका फोटोत ट्रेलर शेजारी आहे एवढंच दिसतं, तो सरकत होता हे दिसत नाही.

तक्रार महाट्रॅफिक ॲपवरून किंवा ई-चलनाच्या सरकारी साईटवरून करता येते, गाडीचा नंबर आणि चासिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. डॅशकॅम आहे का तुमच्याकडे?


वाटेवरचा_वड

अबोलीताई, खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. डॅशकॅम नाहीये. मेसेज चौथ्या दिवशी आला, म्हणजे १५ दिवसांचा मुद्दा गेला. फलक मी पुढच्या वेळी बघून सांगतो पण बहुतेक आहेतच.

@माळरान, भरून टाकतोच, पण मग मला सांगा ट्रेलर अंगावर येत असताना स्पीडोमीटर बघायचा की रस्ता?


त्रिज्या

वडदादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर थोडं गणित मांडतो, वाद घालायला नाही, आकडे समोर असले की बरं पडतं म्हणून.

ट्रेलर १८ मीटर धरू, नियमाने साधारण तेवढाच असतो. तुमची कार ४ मीटर. मागे ३० मीटर अंतर असताना तुम्ही लेन बदलली आणि पुढे ३० मीटर अंतर ठेवून परत आत आलात, म्हणजे ट्रेलरच्या तुलनेत तुम्हाला एकूण ८२ मीटर पुढे सरकायचंय. ट्रेलर ८० ने, तुम्ही १०० ने, फरक ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर. ८२ मीटरला पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही ४१० मीटर रस्ता कापता. हेच ११४ ने केलंत तर पावणेनऊ सेकंद. म्हणजे तुमची ती रेस सहा सेकंद वाचवते.

सहा सेकंद कमी नाहीत हे मान्य, ट्रेलरच्या शेजारी घालवायचे असतील तर तर नाहीच. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. १०० ला ब्रेक मारला तर प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून गाडी थांबायला साधारण ८३ मीटर लागतात, कोरडा रस्ता, चांगले टायर. तोच ब्रेक, तीच जागा, पण वेग १२० असेल तर जिथे १०० वाली गाडी पूर्ण थांबली तिथे १२० वाली अजून ७३ च्या वेगात असते. सत्तर-पंच्याहत्तरने धडक म्हणजे काय हे इथे लिहायची गरज नाही. आणि ओव्हरटेक करताना पुढचं दिसणं कमी असतं, उजव्या लेनमधे पुढे एखादी बंद पडलेली गाडी असेल तर ती शेवटच्या क्षणी दिसते.

माझ्या मते यातली खरी गंमत अशी आहे की पुढची गाडी जितकी हळू, तितकी मर्यादा ओलांडायची गरज कमी. ५० ने चाललेल्या टेंपोला १०० ने सहा सेकंदांत मागे टाकता येतं. मर्यादा ओलांडावी लागते ती पुढची गाडी ८५-९० ने चालली असेल तेव्हाच, आणि ९० ने चाललेल्या गाडीला ओलांडून मिळतं काय? दहा किलोमीटरला चाळीस सेकंद.


माळरान

>>दहा किलोमीटरला चाळीस सेकंद

हे प्रिंट काढून प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर चिकटवायला हवं. अगदी पटलं.


वाटेवरचा_वड

त्रिज्या, गणित एकदम मान्य. पण माझी अडचण चाळीस सेकंदांची नव्हती हो. मी ट्रेलरला ओलांडायला निघालो तेव्हा १०० च्या आतच होतो, वेग वाढवावा लागला तो ट्रेलर सरकला म्हणून. आणि दुसरं म्हणजे मर्यादेत राहून पंधरा सेकंद उजव्या लेनमधे राहिलं तर मागचा डोक्यावर बसतो, हॉर्न, डिपर, मग तो डावीकडून घुसतो. एक्सप्रेसवेवर १०० ने ओव्हरटेक करणारा माणूस मागच्यांना अडथळा वाटतो ही वस्तुस्थिती आहे.


दहाचाकी

मी ट्रान्सपोर्टमधे आहे, आधी पंधरा वर्षं स्वतः गाडी चालवली, आता स्वतःच्या चार गाड्या आहेत, दोन ट्रेलर न्हावाशेवा ते चाकण चालतात. इथे सगळे कारवाले आहेत म्हणून ड्रायव्हरची बाजू लिहितो.

ऑक्टोबर २०१५ नंतरच्या मालवाहू गाड्यांना स्पीड गव्हर्नर असतो, ८० ला लॉक. कितीबी दाबा, पुढे जात नाही. एक गाडी ८० ने जाते, दुसरी लोड जास्त म्हणून ७८ ने. आता ८० वाला ७८ वाल्याला काढायला निघाला की झालं, दोन किलोमीटरचा फरक, तो मिनिट-दीड मिनिट शेजारीच. तोवर मागे कारची रांग. ड्रायव्हरला कळत नाही असं नाही. पण ५० टन घेऊन एकदा ब्रेक मारला की परत ८० धरायला किती वेळ आणि किती डिझेल जातं ते चालवल्याशिवाय समजत नाही, म्हणून तो मागे राहायला बघत नाही. हे चूकच आहे, मी माझ्या ड्रायव्हरना सांगतो की सपाटीला डावी लेन सोडायची नाही, पण ते डावी लेन का सोडतात तेही ऐका. डाव्या लेनमधे पंक्चर झालेल्या गाड्या उभ्या असतात, लोक शोल्डर सोडून अर्धी गाडी लेनमधेच लावतात, रात्री मागे साधा रिफ्लेक्टर पण नाही. एकदा अशी गाडी समोर आलेली बघितली की ड्रायव्हर कायमचा मधल्या लेनमधे जातो.

आणि वडसाहेब, ट्रेलर तुमच्याकडे सरकला त्याबद्दल. कारवाल्यांना एक गोष्ट माहीत नसते. ट्रेलरच्या केबिनमधून उजव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागे बरीच जागा आरशात दिसत नाही, त्यातून ट्रेलर जरा तिरका झाला तर आरशात ट्रेलरच दिसतो, रस्ता नाही. तुम्ही मधोमध होता म्हणालात, म्हणजे नेमकं तिथेच. तिथे एक सेकंद पण जास्त थांबू नका. शेजारी जायच्या आधी, मागे असतानाच, डिपर द्या, दोनदा. दिवसा पण द्या. हॉर्नपेक्षा डिपर बरा, केबिनमधे इंजिनचा आवाज आणि टेप, हॉर्न ऐकू येत नाही.


वाटेवरचा_वड

दहाचाकी, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच बरं वाटलं. आरशाचं हे माहीत नव्हतं. मागे असतानाच डिपर, लक्षात ठेवतो.


अबोली

दहाचाकी म्हणतात त्यात एक कायद्याची भर. २०१७ चे ड्रायव्हिंगचे नियम आहेत, त्यात मागचा ओव्हरटेक करत असताना पुढच्याने वेग वाढवायचा नाही किंवा त्याला अडेल असं काही करायचं नाही हे स्पष्ट आहे. म्हणजे जबाबदारी दोघांची आहे. कारवाल्याचा वेग कॅमेऱ्यात येतो आणि सरकणारा ट्रेलर सहसा येत नाही म्हणून आपल्याला एकतर्फी वाटतं, पण एक्सप्रेसवेवर २०२४ पासून जी नवी यंत्रणा आहे ती लेन मोडणाऱ्यांनाही पकडते. तिचा वापर जड वाहनांच्या लेनसाठी जितका जास्त होईल तितका कारवाल्यांचा हा प्रश्न कमी होईल असं मला वाटतं.


र्‍हाइनकाठी

जर्मनीतून लिहितोय. इथे दोन ट्रक शेजारी शेजारी मिनिटभर पळतात त्याला हत्तींची शर्यत म्हणतात, म्हणजे दहाचाकींनी लिहिलेलं अगदी तेच, कारण इथेही ट्रकला ऑटोबानवर ८० ची मर्यादा. इथल्या नियमात एक वाक्य फार कामाचं आहे, ओव्हरटेक करणाऱ्याचा वेग पुढच्यापेक्षा ठळकपणे जास्त असला पाहिजे, नाहीतर ओव्हरटेक करूच नये. हाम शहरातल्या वरिष्ठ न्यायालयाने २००८ मधे एका ट्रकवाल्याच्या केसमधे असं धरलं की ओव्हरटेकला ४५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर ते चूक.

पण, आणि हे महत्त्वाचं, वेग ठळकपणे जास्त हवा म्हणून मर्यादा मोडायची मुभा मिळत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. नाही पाळता आल्या तर मागे राहायचं. लायसन्सच्या ट्रेनिंगला शिक्षक हे इतक्या वेळा सांगतात की हात आपोआप इंडिकेटरवरून परत येतो. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमधे ओव्हरटेक कसा करायचा हे शिकवतात, कधी करायचा नाही हे कोणी शिकवत नाही.


मिनियापोलिसकर

>>सूट नाही

भारतात नाही, पण काही ठिकाणी आहे बरं का. मी मिनेसोटात राहतो, इथे दुपदरी हायवेवर, म्हणजे येणारी एक आणि जाणारी एक लेन, मर्यादा ताशी ५५ मैल किंवा जास्त असेल तर ओव्हरटेक करताना १० मैल जास्त जायची कायद्याने परवानगी आहे. वॉशिंग्टन राज्यातही दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकपुरता, गरजेएवढाच जास्त वेग चालतो. त्यामागचा विचार असा की समोरून येणाऱ्याच्या लेनमधे जितका कमी वेळ राहाल तितकं बरं. वडदादांचा तर्क म्हणजे अगदीच वेडेपणा नाही, जगात काही सरकारांनी तो मान्य केलाय.

मात्र त्यातही बघा, ही सूट फक्त दुपदरी रस्त्याला आहे. एक्सप्रेसवेसारख्या दुभाजक असलेल्या रस्त्याला इथेही नाही, तिथे समोरून कोणी येतच नाही ना. आणि स्पेनमधे अशी २० किलोमीटरची सूट होती ती त्यांनी मार्च २०२२ मधे काढून टाकली.


सांगलीकर

आता खऱ्या प्रश्नावर आलात. एक्सप्रेसवेवर तीन लेन आहेत, मागे राहिलं तरी काही बिघडत नाही. आमच्याकडे या, ऊसाच्या सीझनला. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर लोंबतोय, ट्रॅक्टरवर टेपचा आवाज एवढा की मागे बुलडोझर आला तरी कळणार नाही, वेग वीसच्या आसपास. रात्री मागच्या ट्रॉलीला लाईट नाही, असलाच तर एक मळलेला रिफ्लेक्टर. कारखान्याच्या रस्त्याला असे एकामागे एक तीन-चार. त्यांच्या मागे किती वेळ बसणार? तिथे ओव्हरटेक करावाच लागतो, आणि रस्ता दुपदरी, साईडपट्टी खचलेली. तिथे कॅमेरा नाही, चलन नाही, पण माणसं तिथेच जातात. आमच्या गावातली दोन पोरं मागच्या ट्रॉलीत घुसून गेली, ओव्हरटेकला बाहेर काढायचं होतं, समोरून एसटी दिसली म्हणून परत आत घेतली, ट्रॉलीचा अंदाज आला नाही.


त्रिज्या

सांगलीकर, वाचून वाईट वाटलं.

तुमच्या ट्रॅक्टरचं गणित तसं सोपं आहे, २० ने चाललेल्याला ६० ने काढायला सात-आठ सेकंद, मर्यादेत राहून होतं. तिथे प्रश्न वेगाचा नाही, दिसण्याचा आहे. प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टिव्ह टेपचा पट्टा आणि एक चालू लाल दिवा एवढ्यावर किती जीव वाचतील. कारखान्यांनी वजनकाट्यावरच ते तपासावं, टेप नसेल तर ट्रॉली आत घेऊ नये, एका सीझनमधे सवय लागेल.

खरा अवघड प्रकार मिनियापोलिसकरांनी काढला तो. समजा बोर्ड ७० चा, पुढे ट्रक ६० ने, दुपदरी रस्ता. ट्रक १० मीटर, तुम्ही ४, पुढे-मागे वीस वीस मीटर, एकूण ५४ मीटर सरकायचंय. ७० ने गेलात तर जवळजवळ वीस सेकंद समोरच्याच्या लेनमधे, आणि समोरचाही ७० ने येत असेल तर तुम्हाला निघताना पाऊण किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. ९० ने गेलात तर साडेसहा सेकंद आणि तीनशे मीटर. आकडे बघितले तर वेगात ओव्हरटेक सुरक्षित असं वाटेल, आणि हाच तर्क करून लोक निघतात. पण आंबा घाट घ्या, कोकणातला कुठलाही जुना रस्ता घ्या, पाऊण किलोमीटर सरळ मोकळा रस्ता दिसतो कुठे? तीनशे मीटर पण अवघडच. म्हणजे तो ट्रक ओलांडायची ती जागाच नाही, ७० ने पण नाही आणि ९० ने पण नाही. आणि ९० ने निघालेला माणूस समोर कोणी आला तर माघारी येऊ शकत नाही, ब्रेक मारून मागच्या जागेत परत शिरणं त्याला ७० वाल्यापेक्षा फार अवघड जातं. सांगलीकरांनी लिहिलेल्या पोरांचं तेच झालं असणार.


निशिगंध

मी फारशी लिहीत नाही पण इथे लिहावंसं वाटलं. मी रोज शेअर कॅबने पुणे-मुंबई करते. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला ड्रायव्हरला सांगायची हिंमत होत नाही, सगळे मोबाईलमधे, ड्रायव्हर १२० ने दोन कंटेनरच्या मधून डावीकडून घुसतो आणि आपण दाराच्या वरचा दांडा धरून बसतो. ड्रायव्हरला दिवसाला ठराविक फेऱ्या करायच्या असतात, उशीर झाला तर मालक पैसे कापतो, त्यामुळे चलन आलं तरी तो ते फेरीतच वसूल करणार. गाडी मालकाच्या नावावर, चलन मालकाला, मालक ड्रायव्हरच्या पगारातून कापणार, आणि ड्रायव्हर ते भरून काढायला आणखी पळवणार. यावर काय करायचं? मी आता पुढे बसते आणि सुरुवातीलाच सांगते की दादा मला घाई नाही, सावकाश घ्या. बरेच ड्रायव्हर ऐकतात, काही जणांना तर बरंच वाटतं कोणीतरी सांगितलं म्हणून.


माळरान

निशिगंध, हे खूप छान करता तुम्ही. सगळ्या प्रवाशांनी करायला हवं.


पाचवा_गिअर

ओव्हरटेकच्या तंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे बहुतेक जण ट्रेलरच्या अगदी बुडाशी जातात, ८० वर येतात, मग उजवीकडे काढतात आणि तिथून टॉप गिअरमधेच रेस देतात. साध्या पेट्रोल गाडीला पाचव्या गिअरमधे ८० चे १०० करायला बराच वेळ लागतो, तो सगळा वेळ ट्रेलरच्या शेजारी जातो, मग घाबरून माणूस दाबतच राहतो आणि ११५-१२० कधी झाले कळत नाही. उलटं करून बघा. ट्रेलर लांबून दिसला की ऐंशी-शंभर मीटर मागे असतानाच आरसा बघा, इंडिकेटर द्या, उजवीकडे या, तिथेच १०० धरा. मागचा फार जवळ असेल तर आधी त्याला जाऊ द्या. शेजारी पोचाल तेव्हा वेग आधीच धरलेला असेल, वाढवायची गरज नाही. आणि आधी ट्रेलरच्या पुढे बघा, त्याच्यापुढे मोकळी जागा आहे का, नसेल तर तो कुठेतरी सरकणारच आहे. वडदादांच्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला टँकर होता, दोघं जवळजवळ बरोबरीने, अशा जोडीला ओलांडताना मी मागेच थांबतो, एक पुढे निघाला की मग जातो.

मीटरबद्दल पण एक. गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्तच दाखवतो, नियमच तसा आहे. म्हणून मीटरवर १०० असताना तुम्ही खरं ९५-९७ ने असता. कॅमेऱ्याने ११४ दाखवला म्हणजे तो खराच असण्याची शक्यता जास्त.


त्रिज्या

पाचवा_गिअर, अगदी बरोबर. अजून एक मुद्दा, दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजण्याची पद्धत ओव्हरटेकवाल्यांना जास्त न्याय देते. दहा किलोमीटर १०० ने गेलात आणि मधे आठ सेकंद १२० घेतलेत तर सरासरी येते १०० आणि अर्ध्याच्याही आत, म्हणजे चलन यायचं कारण नाही. एका जागी क्षणाचा वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यापुढे मात्र तेच आठ सेकंद पकडले जातात. सतत १२० ने पळणारा माणूस कॅमेरा दिसला की ब्रेक मारतो आणि सुटतो, तो सरासरीत सुटत नाही. सगळीकडे सरासरीच मोजावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि याच हिशेबात हेही बघा की त्या आठ सेकंदांत १२० घेऊन दहा किलोमीटरमधे वाचतात दीड सेकंद.


दहाचाकी

सरासरीला माझा पण पाठिंबा. गव्हर्नर काढून पळवणारे ट्रकवाले त्यात सापडतील, आम्ही नियमाने चालतो आणि ते ९०-९५ ने जाऊन आमचा धंदा घेतात. हायवेच्या कडेला गव्हर्नरची वायर काढून देणारे मेकॅनिक आहेत हे कोण नाकारेल.


वाटेवरचा_वड

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताईंनी सांगितलेलं सगळं तपासलं, फोटो, वेळ, जागा, कलम सगळं चलनावर आहे. डॅशकॅम नाही त्यामुळे ट्रेलरचा मुद्दा सिद्ध करता येणार नाही, चलन आज भरलं.

पण विषय इथे सोडायची माझी इच्छा नाही. या धाग्यावर जे निघालं त्यातल्या चार गोष्टी महामार्ग पोलिसांना आणि रस्त्याची देखभाल बघणाऱ्यांना लेखी कळवाव्यात असं वाटतं. जड वाहनांच्या लेनवर कॅमेऱ्याची कारवाई वाढवा. डाव्या लेनमधे बंद पडलेल्या गाड्या लवकर उचला, कारण त्या उभ्या राहतात तोवर ट्रकवाले डावीकडे येणारच नाहीत, दहाचाकींचं हे म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं. वेग सरासरीने मोजा. आणि ऊसाच्या ट्रॉल्यांची टेप, ते पत्र वेगळं, साखर कारखान्यांकडे आणि आरटीओकडे. सांगलीकर, ते तुम्ही लिहाल का? तिकडची परिस्थिती तुम्हाला माहीत.


सांगलीकर

लिहितो की. आमच्या इथल्या दोन कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांना मी ओळखतो, पत्र घेऊन स्वतः जातो. सीझन सुरू व्हायच्या आधी दिलं तर उपयोग, एकदा तोडणी सुरू झाली की कोणाला वेळ नसतो.


अबोली

मसुदा इथे टाका, मी कलमं आणि नियमांचे नंबर बघून देते. नंबर चुकला तर पत्र बाजूला पडतं. आणि पत्रात आपापली चलनं आणू नका, फक्त मागण्या ठेवा.


दहाचाकी

ट्रकवाल्यांच्या सह्या लागतील तर सांगा. कळंबोलीला आमचे पन्नासेक जण सहज सही करतील. एक मागणी माझी पण घाला, डाव्या लेनला कडेचा पांढरा पट्टा पुसलाय बऱ्याच ठिकाणी, पावसात रात्री लेन कुठे संपते ते केबिनमधून दिसत नाही, तो परत मारून घ्या.


वाटेवरचा_वड

घातली. रविवारपर्यंत मसुदा टाकतो.